तेवीस सेंटांचा कर, चाळीस डॉलरची पेटी

2 मार्च 2006 रोजी दिल्लीतल्या हैदराबाद हाउसमध्ये जॉर्ज बुश आणि मनमोहन सिंग पत्रकारांसमोर आले. विषय अणुकराराचा होता. बातमीदार अणुभट्ट्या, इंधन, तपासणीच्या अटी असं सगळं टिपून घेत असताना बुश यांनी जाता जाता सांगून टाकलं, की अमेरिका आता भारतीय आंबे खायला उत्सुक आहे. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांपुरती त्या दिवसाची खरी बातमी तेवढीच होती.

भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार 1989 पासून बंद होतं. त्या बंदीमागे ना राजकारण होतं, ना जकातीचं भांडण. कारण होतं किडीचं: एक फळमाशी आणि दुसरा आंब्याच्या कोयीत राहणारा भुंगा. हा भुंगा मोठा लबाड. फळ बाहेरून निर्दोष, देठाशी डाग नाही, वास घमघमीत, आणि कोय फोडली की आत साहेब बसलेले. मेक्सिकोचा आंबा सुमारे 46 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवला की माशीचा बंदोबस्त होतो आणि अमेरिकेचं कृषी खातं त्याला पास करतं. कोयीतल्या भुंग्यावर मात्र हा उपाय चालत नाही. म्हणून हापूससाठी गॅमा किरणांचा मार्ग निघाला. किमान 400 ग्रे एवढी मात्रा दिली, की कीड पुढे वाढत नाही आणि तिची वीणही थांबते.

हे किरण द्यायचे कुठे? त्या वेळी महाराष्ट्रात सोय होती ती लासलगावला. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 मध्ये तिथे उभारलेलं ‘कृषक’ हे केंद्र मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून होतं. तेव्हा कोकणातला आंबा ट्रकने घाट चढून नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या गावी जायचा, किरण घ्यायचा आणि उलटा मुंबईच्या विमानतळावर यायचा. नकाशावर हा द्राविडी प्राणायाम पाहिला की हसू येतं, पण 2007 च्या एप्रिलअखेर पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला पोचल्या त्या याच वाटेने. पुढे राज्याच्या कृषी पणन मंडळाने वाशीला स्वतःचं विकिरण केंद्र उभारलं आणि हा फेरा वाचला.

पण माणसाची अट राहिलीच. किरण देताना अमेरिकी कृषी खात्याचा निरीक्षक तिथे हजर हवा, आणि त्याचा खर्च निर्यात करणाऱ्यांनी सोसायचा. 2020 आणि 2021 या दोन हंगामांत करोनामुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, आणि अमेरिकेला आंबा गेलाच नाही. झाडं मोहरली होती, फळ उतरलं होतं, न्यू जर्सीतलं गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार होतं. अडलं ते एका माणसाच्या विमान प्रवासावर. जानेवारी 2022 मध्ये दोन्ही देशांनी नवा समझोता केला. भारताचे आंबे आणि डाळिंबं तिकडे, अमेरिकेच्या चेरी आणि लसूणघासाचा सुका चारा इकडे. तपासणीवरची देखरेख टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे द्यायचंही तेव्हाच ठरलं.

आता किमतीचा हिशेब. भारत सरकारच्या आकड्यांनुसार 2019-20 मध्ये अमेरिकेला 1,095 टन आंबा गेला, आणि त्याचे 43 लाख 50 हजार डॉलर मिळाले. म्हणजे किलोला साधारण चार डॉलर. साडेतीन किलोची पेटी भारताची हद्द सोडताना झाली चौदा डॉलरची. तीच पेटी एडिसनच्या ओक ट्री रोडवर किंवा शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर हंगामात चाळीस डॉलरच्या आसपास विकली जाते, कधी त्याहूनही महाग. मधल्या पंचवीस-सव्वीस डॉलरमध्ये अमेरिकी सरकारचा वाटा किती असावा? ताज्या आंब्यावरचा वर्षानुवर्षांचा नेहमीचा कर आहे किलोला 6.6 सेंट. अख्ख्या पेटीला तेवीस सेंट! बाकी सगळं विमानाचं भाडं, शीतगृह, घाऊक व्यापारी, दुकानदार आणि वाटेत नासलेल्या फळांची भरपाई. उद्या अमेरिकेने हा कर शून्यावर आणला, तरी गिऱ्हाइकाला फरक कळणारसुद्धा नाही.

आर्थिक एकात्मीकरण म्हटलं की चर्चा लगेच आयात शुल्काच्या टक्केवारीवर येते, कारण टक्केवारी छापायला सोपी. मालाची खरी किंमत ठरवतात त्या बऱ्याचदा इतर गोष्टी: कुणाचं प्रमाणपत्र कोण मानतो, माल बोटीने जातो की विमानाने, आणि एक कागद चुकला तर काय होतं. मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. फळात खोट नव्हती, किरण देऊन झाले होते, आक्षेप त्या प्रक्रियेच्या कागदपत्रांवर होता. आंबा परत नेण्याचं भाडं आंब्याहून महाग, म्हणून निर्यातदारांना तो तिथेच नष्ट करावा लागला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचं सांगितलं गेलं. कोणत्याही करारात या रकमेसाठी रकाना नसतो.

शेजारी मेक्सिकोची गोष्ट वेगळी. 1 जानेवारी 1994 रोजी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा ‘नाफ्टा’ करार लागू झाला. करांच्या भिंती टप्प्याटप्प्याने उतरल्या, ट्रकची वाहतूक वाढली, आणि आज अमेरिकेत येणाऱ्या आंब्यांतला सर्वांत मोठा वाटा मेक्सिकोचा आहे. सुपरमार्केटात साधारण डॉलरला एक मिळणारा लालसर, जाड सालीचा, दोरे भरलेला आंबा बहुधा ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ जातीचा असतो. हापूस खाल्लेला मराठी माणूस त्याला नाक मुरडतो, आणि ते रास्तच आहे. पण त्याचं कूळ पाहिलं तर हा आपलाच दूरचा पुतण्या. अमेरिकी कृषी खात्याने 1889 मध्ये भारतातून ‘मुलगोबा’ची कलमं फ्लोरिडात नेली. थंडीतून तगलेल्या झाडाच्या कोयी कॅप्टन हेडन यांनी 1902 मध्ये लावल्या, त्यातून ‘हेडन’ जात निघाली आणि हेडनच्या वंशातून टॉमी अ‍ॅटकिन्स. चव मागे पडली, सालीची जाडी पुढे आली. ट्रकमध्ये हिंदकळत हजार मैल जाणाऱ्या फळाला जाड सालच लागते. खुल्या बाजारात जिंकतं ते फळ सर्वांत गोड असेलच असं नाही. प्रवास सोसणारं मात्र असावं लागतं.

अ‍ॅव्होकाडोची कहाणी याहून बोलकी आहे. मेक्सिकोच्या अ‍ॅव्होकाडोवर अमेरिकेने 1914 मध्ये बंदी घातली. कारण पुन्हा तेच, बियातला भुंगा. नाफ्टा होऊनही ती लगेच उठली नाही. 1997 मध्ये ईशान्येकडच्या एकोणीस राज्यांना, तेही फक्त हिवाळ्यात, हे फळ आणायची परवानगी मिळाली. सगळ्या राज्यांना मिळाली ती 2007 मध्ये. कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी आपण बुडणार असा आकांत केला होता. पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं, की पुरवठा वाढला की भाव कोसळतात. इथे झालं भलतंच. फळ बारा महिने मिळू लागलं तशी खाणाऱ्यांची संख्याच वाढली. 2001 मध्ये अमेरिकी माणूस वर्षाला सरासरी दोन पौंडांच्या आसपास अ‍ॅव्होकाडो खायचा, 2018 पर्यंत तो आठ पौंडांवर गेला. मेक्सिकोचा माल आला म्हणून कॅलिफोर्नियाची बाग बुडाली नाही. मागणी एवढी फुगली की दोघांनाही जागा झाली. अर्थात आता अमेरिकेचा बहुतेक आयात अ‍ॅव्होकाडो एकाच देशातून येत असल्याने फेब्रुवारी 2022 मध्ये मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात एका अमेरिकी निरीक्षकाला धमकी आली, तेव्हा आठवडाभर आयात थांबली आणि सगळ्या घाऊक बाजारात धावाधाव झाली.

टोमॅटोच्या बाबतीत मात्र फ्लोरिडाच्या शेतकऱ्यांचं रडणं खोटं नव्हतं. मेक्सिकोचा स्वस्त टोमॅटो हिवाळ्यात त्यांच्याच हंगामात उतरायचा. 1996 पासून दोन देशांत एक समझोता चालत आला होता: मेक्सिकोने ठरावीक किमतीखाली विकायचं नाही, आणि अमेरिकेने त्या बदल्यात जादा शुल्क लावायचं नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेने तो मोडला आणि 17.09 टक्के शुल्क बसवलं. उलट दिशेलाही असंच दुखणं होतं. अनुदानावर पिकलेला अमेरिकी मका मेक्सिकोत उतरला, आणि तिथला छोटा कोरडवाहू शेतकरी आपल्याच मक्याच्या मायदेशात मागे पडला. एकत्र आलेल्या बाजारात गिऱ्हाइकाचा फायदा थोडा थोडा सगळ्यांत वाटला जातो, नुकसान मात्र नेमक्या गावांवर कोसळतं. उत्तर कॅरोलायनातल्या फर्निचरच्या गावांनी चिनी मालाच्या लाटेत हे अनुभवलं. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की कारखाना गेल्यावर तिथले कामगार दुसरीकडे सहज सामावले जातील हे गृहीतक चुकीचं होतं. त्याच काळात टीव्ही संच इतके स्वस्त झाले, की गुणवत्तेतली सुधारणा हिशेबात धरून अमेरिकी सरकारचा निर्देशांक 2000 नंतर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरण दाखवतो. पाळणाघर, दवाखाना, कॉलेजची फी या गोष्टी बोटीतून येत नाहीत. त्या महागतच गेल्या.

बुश यांच्या आंब्याची दुसरी बाजू होती मोटारसायकल. भारताने 2007 मध्ये मोठ्या इंजिनांसाठी युरोपीय प्रदूषण मानकं मान्य केली आणि हार्ले-डेव्हिडसनला यायची वाट मोकळी केली. इथे आंब्याच्या नेमकं उलट घडलं. मानकाची अडचण सुटली, पण साठ टक्के आयात शुल्क आणि वरचे कर कायम राहिले, आणि गाडीची किंमत जवळपास दुप्पट झाली. म्हणजे आंब्याला कर नाममात्र पण तपासणी कडक, आणि हार्लेला मानकाची वाट मोकळी पण कर जबर. दार उघडल्याची घोषणा मात्र दोन्ही सरकारांनी केली. हार्लेने पुढे हरियाणात बावलला जुळणीचा कारखाना काढला आणि 2020 मध्ये भारतातला स्वतःचा कारभार आवरता घेतला. दरम्यान 2018 मध्ये अमेरिकेने युरोपीय पोलादावर शुल्क लावल्यावर युरोपने सूड म्हणून हार्लेवरचं शुल्क 6 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर नेलं. तेव्हा कंपनीने हिशेब मांडला, की युरोपला जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे सुमारे 2,200 डॉलरचा बोजा पडेल. उपाय? त्या गाड्या अमेरिकेबाहेर बनवायच्या. अमेरिकी उद्योगाच्या रक्षणासाठी लावलेल्या करामुळे अमेरिकेची ओळख असलेल्या गाडीचं काम परदेशी गेलं.

शुल्क नेमकं भरतं कोण, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर मात्र धुलाई यंत्राने दिलं. जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क जाहीर केलं: पहिल्या बारा लाख यंत्रांवर 20 टक्के आणि त्यापुढच्यांवर 50 टक्के. आरन फ्लाएन, अली हॉर्तासू आणि फेलिक्स टिंटेलनॉट या तिघांनी दुकानांतल्या किमती तपासल्या. वॉशिंग मशीन सरासरी 12 टक्क्यांनी, म्हणजे सुमारे 86 डॉलरने महागलं होतं. गंमत पुढे आहे. कपडे वाळवण्याच्या यंत्रावर शुल्क नव्हतंच, तरी तेही 92 डॉलरने महागलं! अमेरिकेत ही दोन यंत्रं जोडीने विकली जातात, सारख्याच रंगाची, शेजारी शेजारी मांडायची. दुकानदाराने वाढ दोघांत वाटून टाकली. परदेशी कंपन्यांबरोबर देशी कंपन्यांनीही भाव चढवले. स्पर्धक महागल्यावर आपण स्वस्तात कशाला विकायचं? सॅमसंगने साउथ कॅरोलायनात आणि एलजीने टेनेसीत कारखाने काढले, सुमारे 1,800 नोकऱ्या वाढल्या. ग्राहकांवर पडलेला बोजा त्यांत विभागला तर एका नोकरीचा खर्च निघाला सुमारे 8 लाख 15 हजार डॉलर. तेवढ्यात त्या कामगाराला घरी बसवून दहा-पंधरा वर्षांचा पगार देता आला असता.

किंमत नेहमी आयात करणाराच वाढवतो असंही नाही. 20 जुलै 2023 रोजी भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. देशातले भाव चढत होते, निवडणुका जवळ येत होत्या. पुढच्या दोन-तीन दिवसांत टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंतच्या भारतीय दुकानांत रांगा लागल्या, सोना मसुरीची पोती ट्रॉलीत रचली जाऊ लागली आणि दुकानदारांनी कुटुंबामागे एकच पोतं अशा पाट्या लावल्या. सर्वांत मोठी घबराट तेलुगू कुटुंबांत दिसली, पण मराठी घरंही मागे नव्हती. आता अमेरिका काही तांदळाला मोताद देश नव्हे. एकट्या आर्कान्सामध्ये देशातला निम्म्याच्या आसपास तांदूळ पिकतो आणि अमेरिका तो निर्यातही करते. पण तो भात वेगळा, त्याच्यावर वरण-तूप जमत नाही. ‘तांदूळ’ हा आकडेवारीतला एकच रकाना असला, तरी स्वयंपाकघरात एका जातीची जागा दुसरी घेत नाही. जगातल्या तांदळाच्या व्यापारात भारताचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त, त्यामुळे धक्का अमेरिकेपुरता राहिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा तांदळाचा निर्देशांक त्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला. बंदी उठली ती सप्टेंबर 2024 च्या अखेरीस.

आणि साखर. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाने हा भाग सावकाश वाचावा. मुक्त व्यापाराची प्रवचनं जगाला देणारी अमेरिका साखरेच्या बाबतीत स्वतः कडेकोट तटबंदीत बसलेली आहे. देशोदेशी ठरावीक कोटा वाटलेला आहे. कोट्यातल्या मालावर किरकोळ शुल्क, कोट्याबाहेरच्या कच्च्या साखरेवर पौंडाला 15.36 सेंट. परिणाम असा, की अमेरिकेतली साखर वर्षानुवर्षं जागतिक भावाच्या दीड-दोन पट महाग राहते. फ्लोरिडा-लुइझियानाचा ऊसवाला आणि मिनेसोटाचा बीटवाला यांना ते मानवतं, गोळ्या-चॉकलेटवाल्यांना नाही. मिशिगनमधल्या हॉलंड गावात अनेक वर्षं बनणाऱ्या ‘लाइफ सेव्हर्स’ गोळ्यांचं उत्पादन 2002-03 च्या सुमारास सीमेपलीकडे कॅनडात मॉन्ट्रियलजवळ हललं, आणि त्यात साखरेचा भाव हे मोठं कारण होतं. साखर आत येऊ दिली नाही, तर गोळी बनून येते! भारताचा वार्षिक कोटा असतो साधारण 8,424 टनांचा. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना साडेदहा टक्के उताऱ्याने एवढी साखर सोळा दिवसांत काढतो.

2025 मध्ये या सगळ्याचा एकत्र प्रयोगच झाला. एप्रिलमध्ये अमेरिकेने जवळपास सगळ्या देशांच्या मालावर किमान 10 टक्के ‘परस्पर’ शुल्क बसवलं. भारतीय मालावर 7 ऑगस्टला ते 25 टक्के झालं, आणि रशियाचं तेल घेतल्याची शिक्षा म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25, म्हणजे अनेक वस्तूंवर एकूण 50 टक्के. कोळंबी, दागिने, कपडे, गालिचे यांना मोठा फटका बसला. औषधं आणि स्मार्टफोन वगळलेले होते. कर भरणार परदेशी, असं अमेरिकी मतदाराला वारंवार सांगितलं जात होतं. पण कॉफी काही धुलाई यंत्रासारखी नाही, की दोन वर्षांत कारखाना काढून देशात बनवावी. हवाई आणि इतर काही किरकोळ जागा सोडल्या तर अमेरिकेत कॉफी पिकतच नाही. कप महागला, केळी महागली, बिलं वाढली आणि किराण्याचे भाव हा निवडणुकीचा विषय झाला.

14 नोव्हेंबर 2025 रोजी ट्रम्प प्रशासनाने कॉफी, चहा, केळी, मसाले, उष्ण प्रदेशातली फळं, गोमांस अशा अनेक खाद्यपदार्थांवरचं ‘परस्पर’ शुल्क मागे घेतलं. कर जर खरोखरच परदेशी विक्रेता भरत असता, तर किराणा स्वस्त करण्यासाठी तो उठवायची गरजच पडली नसती. अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी सात वर्षं जे आकड्यांनी सांगितलं, ते वॉशिंग्टनने त्या दिवशी एका यादीने मान्य केलं.